अकरा मिनिटं

पहिली ओळ भोंग्यापासून, असं आधी ठरलं होतं.
सकाळचे सात, मालवा मिलचा चौक,
सायकलींच्या घंट्या आणि वरून तो लांबलचक आवाज.
लिहिलं. वाचून बघितलं.
आवाज मोठा होता, आत कोणी नव्हतं.

मग बद्रीलालपासून.
साचेखात्यातला बद्रीलाल गेटाबाहेर उभा,
हातात डबा, डब्यात मक्याच्या रोट्या, लसणाची चटणी.
आत घेत नाहीत. घरी जाववत नाही.
बायकोला काय सांगणार,
मी वेळेवर गेलो होतो, वेळच लवकर आली?
पान चांगलं उतरलं.
इतकं चांगलं, की माझा मलाच संशय आला:
दुसऱ्याच्या डब्यातलं किती दिवस खाणार?

सुदामानगरात दुपारी लाइट जाते.
खुर्ची गॅलरीत ओढून मी फाइल उघडतो.
सात सुरुवाती. प्रत्येकीला टाचणी,
आणि एकीचा गंज दुसरीवर उमटलेला.
लायब्ररीतल्या निमगावकर बाई म्हणतात,
"सुरुवात शेवटी लिहा हो, आधी पुढचं करून टाका."
पुढचंच तर तोंडपाठ आहे.
वडिलांची गोदामात बदली,
बारदान मोजता मोजता जडलेला खोकला,
रेडिओवर वेळ सांगू लागले
की त्यांचं उठून स्वयंपाकघरात जाणं.

एकदा शहरापासूनही करून पाहिलं.
होळकर आले, नदी आली, सराफा आला,
नऊ पानं झाली तरी आमची गल्ली येईना.
एकदा 'मी' खोडून 'तो' केला.
'तो' आठ वर्षांचा होता, हुशार होता,
'त्यानं' काहीच केलं नव्हतं.

घड्याळ खिशातलं, निकेलचं. झाकणावर हरिण.
चावी जरा वर ओढून फिरवली
की काटा तुपातून गेल्यासारखा जायचा.
मला एवढंच बघायचं होतं,
मी पुढे केलं तर शहर पुढे होतं का.

झालं.

चाळीस माणसं गेटाबाहेर.
अर्ध्या दिवसाची मजुरी.

घरात आम्ही मराठी बोलायचो.
हिंदी चौकात, भाजीवाल्याशी, शाळेत.
उंबऱ्याच्या आत चुकून आलीच
तर वडील म्हणायचे, "चपलांबरोबर ठेव ती."
त्या संध्याकाळी ते स्वतः चपला घालूनच आत आले,
खाटेवर बसले,
घड्याळ गुडघ्यावर ठेवलं,
आणि कुणाकडेच न बघता म्हणाले,
"घड़ी किसने छुई"

खात्यातल्या माणसाला विचारावं तसं.
एकदाच.
आई म्हणाली, "घरात हात लावणारं आहे कोण?"
मी तेराचा पाढा म्हणत होतो.
म्हणत राहिलो.

आता अडचण अशी,
की मराठी कादंबरी हिंदी वाक्यानं उघडावी का.
प्रकाशक पुण्याचा असला तर तळटीप मागेल.
'घड्याळाला कोणी हात लावला' असं करता येईल,
सरळ आहे, शुद्ध आहे,
पण मग ते वडिलांचं वाक्य राहत नाही,
आणि त्यांचं नसेल
तर मला उत्तर द्यायलाही नको.
ही पळवाट ओळखीची आहे.
बावन्न वर्षं माझी तिथूनच ये-जा.

लाइट आली. पंख्यानं दोन सुरुवाती खाली पाडल्या,
उचलल्या नाहीत.
कोरं पान घेतलं. ओळ लिहिली,
ड खालच्या टिंबासकट.
प्रश्नचिन्ह देणार होतो,
पण त्यांच्या आवाजात ते नव्हतं.

खाली दोन बोटं जागा सोडली आहे.
चहा टाकून येतो, मग बघू.